तिसऱ्या रांगेचं माप

२ फेब्रुवारी, रविवार

मापवहीची शेवटची पानं कोरी होती, म्हणून इथे लिहायला बसले. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं, मागच्या पानांवर माझी जळजळ. माझ्याशिवाय ही वही कुणी उघडत नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

मावशी आली होती जेवायला. माझी मावशी नव्हे, मुलांची. ह्यांच्या पहिल्या बायकोची धाकटी बहीण. चार तासांवरच्या शहरात राहते, पण दर रविवारी इथे हजर. आज आली ती नवी कोरी गाडी घेऊन. तीन रांगांची, सात माणसांची. घरात दोघंच नवरा-बायको, मूल ना बाळ, मग सात सीटा कशाला? मी विचारलंही, अगदी साखर घोळून. म्हणाली, "असू दे हो ताई, मुलांना कधी नेता येईल."

कुणाच्या मुलांना, ते नाही बोलली. शिवाय मला 'ताई' म्हणते. बहिणीलाही ताईच म्हणायची म्हणे.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. जुळे तेव्हा दोन वर्षांचे होते, त्यांना मीच आई. मोठी तेव्हा नऊची, आता तेराची. ती मला काहीच म्हणत नाही. चार वर्षांत एक हाक नाही. "ऐकता का", "ते दूध उतू चाललंय", एवढ्यावर भागवते. अहो-जाहो मात्र चोख, बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. आणि मावशी दारात दिसली की "ए मावशी!" करून गळ्यात पडते. आज पडली तेव्हा मी ताटं मांडत होते. एक जरा जोरातच मांडलं गेलं.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, ते काही खोटं नाही." माझ्या तोंडावर! मग मी कोण? उरल्यासुरल्यातली?

पण खरा बाँब जेवण झाल्यावर पडला. मावशी म्हणाली, शाळेच्या नव्या वर्षापासून मोठीला माझ्याकडे पाठवा. तिकडची शाळा चांगली आहे, आमचं घर रिकामं आहे. मोठीने माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्याकडे नाही, सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, "तिची इच्छा."

दुसरं काय म्हणणार? सावत्र आईने अडवलं तर पोरीचं भलं बघवत नाही, आणि पाठवलं तर पोरीला घालवून दिली. इकडे आड तिकडे विहीर. पोरगी उठली आणि न सांगता भांडी उचलायला लागली. एरवी दहादा सांगावं लागतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या जुन्या गाडीला आता ओझं ओढवत नाही. सहा माणसं, त्यात एक जुळा सासूबाईंच्या मांडीवर, दुसरा माझ्या. तीन रांगांची घ्यायची हे गेल्या वर्षीच ठरलेलं. हे प्रयोगशाळेत रक्त तपासतात, त्यामुळे घरातही सगळ्याचा तक्ता होतो. आज दोन गाड्यांचा तक्ता झाला. एक मावशीकडे आहे तीच, चौकोनी. जुळ्यांनी तिला 'खोकं' नाव ठेवलंय. दुसरी गुळगुळीत, निमुळत्या तोंडाची, तो 'मासा'.

खोकं उंच, मागे हवा यायला झडपा, तिसऱ्या रांगेत शिरायला सोपं. पण वळणावर डुलतं, आणि सातही सीटा उघडल्या की मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा. मासा मऊ चालतो, छत काचेचं, मागे बघायला कॅमेरा. ह्यांच्या तक्त्यात खोक्याला सदतीस गुण, माशाला चौतीस.

मी म्हटलं, "मावशीच्या गाडीची झेरॉक्स आपल्या दारात नको."

"अगं, गाडीचा आणि तिचा काय संबंध?"

"काहीच नाही. माशाला रंगाचे चार गुण द्या."

हे हसले. मग म्हणाले, मोठीला विचारलं होतं, जायचंय का म्हणून. मी सुई खाली ठेवली. काय म्हणाली? तर म्हणे, "त्यांना विचारा."

घ्या! बापाने विचारलं तर सांगते, त्यांना विचारा. म्हणजे निकाल आता मावशीच्या हातात. आमचं घर, आमची पोर, आणि विचारायचं त्यांना.

८ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला गेलो. तिथे एक टायवाला होता, बोलताना दोन्ही हात चोळायचा. त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, सीट किती?" मी पटकन बोलून गेले, "अडतीस." आमच्या धंद्यात सीट म्हणजे कमरेखालचा घेर. दिवसातून वीस बायकांची घेते, तोंडावर तेच बसलंय. टायवाला गडबडला, म्हणाला, तेवढी तर बसच येईल. हे तोंड फिरवून उभे राहिले, आणि मोठी हसली. मोठ्याने, दात दाखवून. माझ्या बोलण्यावर ती हसल्याचं मला तरी आठवत नाही.

टेप माझ्या गळ्यात होताच, घरून निघताना काढायचा राहिला होता. मग म्हटलं, मापच घेऊ. मोठीला माशाच्या तिसऱ्या रांगेत बसवलं. सीट जमिनीला टेकलेली, गुडघे पार छातीशी. गुडघ्यापासून पुढच्या पाठीपर्यंत दोन इंच. खोक्यात पाच. घरी येऊन मापवही उघडली. मोठीचा पाय दोन वर्षांत तीन इंच वाढलाय. म्हणजे पंधराव्या वर्षी माशात ती मावायची नाही, आणि गाडी काय आपण दोन वर्षांसाठी घेतो? एवढं कळूनसुद्धा मी मासाच म्हणत राहिले. माप खोटं नाही बोलत, पण कधीकधी आपणच त्याचं ऐकत नाही.

शोरूममध्ये मोठीने विचारलं, "मी नसले तर कोणती घ्याल?"

मी सरळ हिशोब सांगितला. "तू नसलीस तर पाच जणांची लहान गाडी पुरेल."

"बरोबर आहे," म्हणाली. परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. लहान गाडीत आपली वर्णी लागणार नाही म्हणून फुगली असेल. जाणारीला कशाला हवी गाडीची चौकशी?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे केलं ते कुणाला सांगायची सोय नाही.

मावशीने रविवारी पँटचं कापड दिलं होतं. "ताई, तुमच्यासारखं फिटिंग कुणाला जमत नाही." लोणी लावायला ही हुशार. आज कापायला घेतलं. पँटच्या मागच्या शिवणीत आम्ही दीड-दोन इंच माया ठेवतो. माया म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं, आणि बसता-उठता ताण आला तरी शिवण तग धरते. माझ्या गुरूबाई म्हणायच्या, माया न ठेवणारा शिंपी आणि पाणी घालणारा दूधवाला सारखेच.

मी पाव इंच ठेवली.

हात आपोआप चालला असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मोजून, खडूने रेघ मारून पाव इंच. बाहेरून पँट अशी दिसते की बघत राहावं. तिला घरी, गाडीत, पोरीच्या बाबतीत सगळं भरपूर हवं. पँटमध्ये तरी काटकसर शिकू दे. इस्त्री करताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मावशी आली, पँट घेऊन गेली. मिठी मारली मला! काटा आला अंगावर.

संध्याकाळी ती घरी पोहोचते न पोहोचते तोच मोठीने तिला फोन लावला. मागच्या पायऱ्यांवर बसून अर्धा तास हळू आवाजात. मी मशीन थांबवून कान दिले, काही कळलं नाही. दिवसभर समोर होती तेव्हा बोलायला काय झालं होतं? आत आली तर डोळे लाल. मला म्हणाली, "खोक्याची तिसरी रांग परत एकदा बघायची का?"

बघा. मावशीची गाडी ती मावशीची गाडी! मी म्हटलं, "आपण मासा घेतोय." त्यावर ही, "पण मला त्यात गुडघे लागतात." म्हटलं, "तुला काय करायचंय, तू थोडीच असणार आहेस?" ती आत गेली. जेवणाच्या वेळी डोकं दुखतंय म्हणाली. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सूनबाई, जीभ आहे की कात्री?" घरात काही बिनसलं की दोष माझाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

खोलीला कडी लावून लिहायला बसलेय.

आज दोन्ही गाड्या चालवून बघायच्या होत्या. सगळी वरात निघाली, आणि मावशी तज्ज्ञ म्हणून सोबत. तीच पँट घालून. हे खोकं चालवून आले, खूष. मग मासा. मावशी म्हणाली, "भावोजी, हिची मागची रांग म्हणजे शिक्षा आहे. थांबा, बसूनच दाखवते." मी म्हटलं, राहू द्या, मोठी बसली होती मागच्या वेळी. पण ती कसली ऐकते! मधली सीट पुढे ढकलली, एक पाय आत, डोकं वाकवलं, आणि पँट गेली टर्रकन. जाडं कापड फाटावं तसा आवाज, सगळ्या शोरूमला ऐकू गेला. टायवाला छताकडे बघायला लागला. जुळ्यांपैकी एक ओरडला, "मावशी पंक्चर!"

मी पळत गेले, अंगातला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला. वाटलं, आता बोलेल, शिवण कच्ची होती म्हणेल. तर ही हसतेय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. "ताई, तुमची काही चूक नाही हो, मीच सुटलेय." टायवाल्यालाही म्हणाली, "ताईंच्या हातची शिवण अशी जात नाही, दोष माझ्या वजनाचा."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं चांगलं कशाला वागायचं माणसाने? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथे तर ज्याचं चोरलं तोच चोराची बाजू घेतोय.

मोठी हसत नव्हती. मावशीच्या मागे उभी राहून फाटलेल्या जागेकडे बघत होती. ती माझ्याकडे बटणं लावायला बसते, शिवण उलटून बघायची मीच शिकवलीय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशी काल दुसरा कपडा घालून गेली, पँट दुरुस्तीला माझ्याकडे ठेवली. आज शाळेतून आल्यावर मोठी दप्तरासकट दुकानात आली. पँट उलटी केली, माझ्यापुढे टाकली.

"यात माया नाही."

मी म्हटलं, कापड कमी पडलं.

"कापड उरलं होतं. जुळ्यांनी त्याचा झेंडा केलाय." मग एकदम आवाज चढला. "तू मुद्दाम केलंस! जुळ्यांच्या चड्डीला तू दोन इंच ठेवतेस. माझ्या शाळेच्या स्कर्टला तीन ठेवलीस, गेल्या वर्षी दोनदा सोडलास तो. तुला काय माहीत नव्हतं? तिने काय केलंय तुझं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पँटचं एक वेळ सोडा, पण मला तू? म्हटलं, "मोठ्यांशी असं बोलतात? मी काय तुझ्या वर्गातली आहे?" तिने दार आपटलं. चार वर्षांची अहो-जाहो एका पँटपायी गेली. मावशीकडे जायच्या आधीच हे रंग, गेल्यावर काय होईल?

दुरुस्तीसाठी नवा तुकडा जोडला. दोन इंच माया ठेवली. लाज वाटली म्हणून ठेवली, प्रेमाने नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्धटपणा काही कमी होत नाही. आज जेवताना म्हणते, "मीठ दे." काल म्हणाली, "तुझा टेप फ्रिजवर आहे." मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, की बघा तुमची लेक. हे ताटात बघून हसत होते. बापाला काही सोयरसुतक नाही.

पोरगी जाणार हे आता मी धरून चाललेय. जाताना माणूस असंच तोडून बोलतं. कालपासून तिच्या खोलीवरून जाताना मी आत बघत नाही.

१ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेताना मी ह्यांना सांगितलं, "पाच जणांची लहान गाडी घ्या. खोकं नको आणि मासाही नको."

ह्यांनी चष्मा काढला. "का?"

"पाचच तर उरतोय."

"तिने तसं सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंय की."

"तू एकदा विचार ना तिला."

"मी कोण विचारणार? तिनेच सांगितलं होतं ना तुम्हाला, त्यांना विचारा म्हणून? विचारा मग त्यांना."

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तू शिवणकामात एवढी हुशार कशी, हेच मला कळत नाही." याचा अर्थ काय, कोण जाणे. उद्या बुकिंग करायचं ठरलं.

२ मार्च, रविवार

टायवाल्याच्या टेबलाशी आम्ही सगळे. मावशी नव्हती. तो लहान गाडीचा फॉर्म भरत होता. "पाच सीट, बरोबर?" हे चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, "बरोबर."

मागून मोठी म्हणाली, "आणि मी?"

"तू तर चाललीस ना."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? शाळा चांगली आहे, घर मोठं आहे, गाडी आहे, मावशी आहे."

"तुला चालेल मी गेले तर?"

मी म्हणणार होते, तुझी इच्छा. जिभेवर आलंच होतं. पण तिचं तोंड असं झालं होतं, लहान पोरांचं रडण्याआधी होतं तसं. आणि माझं कुठेतरी उसवलं. मी ओरडले. त्या चकचकीत शोरूममध्ये, चार परक्या गिऱ्हाइकांसमोर ओरडले.

"नाही चालणार! अजिबात नाही चालणार! जाऊ नकोस. मी पाठवणारच नाही, लोकांना काय म्हणायचंय ते म्हणू देत. मला जळायला होतं, कळतं का? तिच्या गाडीवर जळते, ती तुझ्या आईसारखी दिसते त्यावर जळते, तिला बघून तू धावत जातेस त्यावर जळते. म्हणून मी ती पँट तशी शिवली. हो, मुद्दाम शिवली! आता सांग सगळ्यांना, सावत्र ती सावत्रच!"

सासूबाई खुर्चीत बसल्या. टायवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो मी पिऊनही टाकला. मोठी रडत होती. नाक पुसायला तिला काही सापडेना, तर माझ्या गळ्यातल्या टेपचं टोक ओढलं आणि त्याला पुसलं. मग भरल्या आवाजात टायवाल्याला म्हणाली, "तो फॉर्म फाडा. खोकं लिहा. माशात माझे गुडघे दुखतात."

मी म्हटलं, "खोकंच लिहा. पंधराव्या वर्षी ती माशात मावायची नाही."

ह्यांनी सही केली. पहिली सही चुकली, दुसरा कागद घ्यावा लागला.

४ मार्च, मंगळवार

मावशीला सांगायचं कुणी, यावरून दोन दिवस घरात टोलवाटोलवी चालली होती. शेवटी म्हटलं, खड्डा मी खणला, मीच उतरते. दुपारी दुकान बंद ठेवून फोन लावला. आधी पँटचं कबूल केलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं हो ताई. माझ्या आईनेही शिवणकामावरच आम्हाला वाढवलं." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मग एका दमात सांगून टाकलं, की मोठी इथेच राहतेय, मी तिला थांबवलंय, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ती म्हणाली, "थांबवलंत ना? सुटले मी. अहो, तिने मला दोन आठवड्यांपूर्वीच नाही सांगितलंय. तुमच्याकडून पँट घेऊन आले त्याच संध्याकाळी फोन आला. म्हणाली, मावशी, मी येणार नाही, पण घरी सांगू नकोस, मला बघायचंय ती मला थांबवते का." मग तिचा आवाज जरा बसला. "इथे खोलीला रंगही दिला होता मी. असू दे. ती माझ्याकडे आली की सारखं तुमचंच सांगते हो. आमच्याकडे असं शिवतात, आमच्याकडे तसं करतात. ऐकून कंटाळा येतो कधीकधी." आणि घाईने फोन ठेवला.

मी तडक आत गेले. मोठी बटणं लावत बसली होती, तोंडात दोरा.

"दोन आठवडे! दोन आठवडे मला जाळत ठेवलंस?"

तिने दोरा तोडला. "आधी सांगितलं असतं तर तू कधी म्हणाली असतीस का, जाऊ नकोस?"

नसतेच म्हणाले. 'तुझी इच्छा' म्हणून मोकळी झाले असते आणि जन्मभर इथे कुढत बसले असते. पोरीने बरोबर केलं. तेरा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते मला कळू नये, याचं हसू आलं, रडूही आलं. तिच्या शेजारी बसून मीही बटणं लावली, संध्याकाळपर्यंत. खूप बरं वाटलं. इतकं बरं मला या घरात आल्यापासून वाटलं नव्हतं.

सगळं मान्य. पण आधी सांगितलं ते मावशीलाच ना!